विहिरीत विष कुणी कालवलं?

शाळेत इतिहास शिकवताना युरोपातल्या 'काळ्या मृत्यू'ची कारणं मी फळ्यावर लिहून देत असे: उंदीर, पिसवा, व्यापारी जहाजं. ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेल्या गलबतांबरोबर प्लेग सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरला. चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली.

पण त्या लोकांना खरं कारण कुठं ठाऊक होतं? जंतू सापडला तो १८९४ साली, हाँगकाँगमध्ये. तेव्हा मात्र आवई उठली, की ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. ज्यूही याच रोगानं मरताहेत, असं पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच बजावलं होतं. पण ऐकतो कोण! १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. प्लेग तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता. ज्यूंकडून घेतलेली कर्जं मात्र आपोआप फिटली.

'परिणाम' या मथळ्याखाली मी मजुरी वाढली, सरंजामशाही खिळखिळी झाली, एवढंच लिहून देत असे. मुलं तेच पाठ करत, गुण मिळवत. हा परिणाम फळ्यावर कधी आलाच नाही. आता सत्तरी उलटल्यावर ते बोचतं.