डेडहॅमचें जुनें शेतघर

परदेशांत जाऊन वसणारा मनुष्य आपल्या भाषेप्रमाणेंच घर बांधण्याची रीतही बरोबर नेतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, बोस्टनजवळील डेडहॅम गांवीं, याची साक्ष देणारें एक लांकडी शेतघर आजही उभें आहे. उत्तर अमेरिकेंतील लांकडी सांगाड्याच्या घरांत तें सर्वांत जुनें मानलें जातें.

जोनाथन फेअरबँक्स हा इंग्लंडांतील यॉर्कशायरचा राहणारा. पत्नी ग्रेस व मुलें यांसह तो या नव्या वसाहतींत आला. ही भूमि मूळची मॅसॅच्युसेट लोकांची. प्रांताला त्यांचें नांव राहिलें, भूमि मात्र गेली.

घराची मूळ रचना साधी आहे. खालीं दोन खोल्या, वर दोन, आणि मध्यें विटांचें प्रचंड धुराडें. म्हणजे हिवाळ्यांत त्याची ऊब दोहों बाजूंस मिळे. सांगाडा ओक लांकडाचा. एका तुळईचें टोंक दुसरीच्या खांचेंत बसवून लांकडी खुंटीनें तें पक्कें केलेलें आहे. कुटुंब वाढलें तसें घरही वाढलें. मागें पडवी निघाली. तिचें छप्पर थेट खालीं उतरतें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास दोन्ही बाजूंस नवे भाग जोडले गेले. मूळ घर मात्र कोणीं मोडलें नाहीं.

तें १६३६ सालचें, असें परंपरा सांगे. अखेर निकाल लांकडानेंच दिला. अनुकूल वर्षीं झाडाच्या खोडांतील वलय रुंद होतें, अवर्षणांत अरुंद. हा क्रम काल ठाऊक असलेल्या लांकडांशीं ताडून पाहतां, या घराचीं लांकडें १६३७ ते १६४१ या काळांत तोडलेलीं ठरलीं. परंपरा फारशी चुकली नव्हती. पण पुराव्यानें तिला नेमकेपणा आला.

एकाच घराण्याच्या आठ पिढ्या येथें नांदल्या. शेवटची रहिवासी रिबेका फेअरबँक्स हिनें १९०४ सालीं घर सोडलें. त्यानंतर वंशजांच्या मंडळानें तें संग्रहालय म्हणून जतन केलें. १९६० सालीं त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला.

राजवाडे राजांचें वैभव सांगतात. सामान्य शेतकरी कसा राहिला, हें सांगणारीं घरें मात्र बहुधा पाडलीं जातात; कारण त्यांचें मोल त्यांत राहणाऱ्यांसही वाटत नाहीं. डेडहॅमचें घर टिकलें, तें प्रत्येक पिढीनें जुन्यास नवें जोडलें, जुनें मोडून नवें उभारलें नाहीं, म्हणून.