राखेचा बुधवार आणि मराठी ओवी

ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. तिथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडले तर, चाळीस दिवस भरतात. या काळात रोज थोडे वाचायचे, थोडे चिंतन करायचे आणि आपले दोष आठवायचे, अशी रीत आहे.

गोव्यात या काळाला ‘करेज्म’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज. पाद्र्यापुढे पाप सांगणे म्हणजे ‘कुमसार’, तोही पोर्तुगीजच. मात्र पाद्री जे प्रायश्चित्त देतो ते ‘प्राचीत’. शब्द आपला. कबुलीची रीत जहाजातून आली, पण चुकीचे ऋण फेडायचे असते हे इथल्या माणसाला आधीच ठाऊक होते, असे मी यावरून समजतो. आम्हा जैनांतही आलोचना गुरूसमोर करायची आणि त्यांनी दिलेले प्रायश्चित्त घ्यायचे. त्यामुळे कुमसार मला कधी परका वाटला नाही.

हे चिंतन आपल्या भाषेत आणणारा पहिला मोठा माणूस इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तिथली देवळे पाडलेली होती, जुन्या पोथ्यांना बंदी होती. नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला पुराणच उरले नव्हते. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक श्रोता हीच तक्रार पाद्र्याकडे करतो. उत्तरादाखल स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. पुस्तक 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला तो निःसंकोच ‘वैकुंठ’ म्हणतो. ज्याची पोथी हिरावली गेली, त्याला निदान ओवी तरी परत मिळाली.

पुढे एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पेद्रूवर पुराण रचले. कोंबडा आरवण्यापूर्वी पेद्रूने आपल्या गुरूला तीनदा नाकारले आणि मग तो बाहेर जाऊन रडला. उपवासकाळात याहून जवळची कथा कोणती? पण त्याच ग्रंथाच्या पोर्तुगीज नावात पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या चुकांचे खंडन केल्याचेही नमूद आहे. अश्रू आणि खंडन एकाच बांधणीत. मला हे खटकते आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

कारण त्याच गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, होते. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत होता. सुटल्यावर त्याने 1687 मध्ये पुस्तक छापले. आरोप काय हे कैद्याला सांगत नसत. तो त्याने स्वतःच ओळखायचा आणि कबूल करायचा. निराश होऊन देलाँने कोठडीत जीव देण्याचाही प्रयत्न केला. आम्ही डॉक्टर रोग्याला ‘काय होतंय?’ असे विचारतो, तेव्हा तो निर्भयपणे बोलेल हे गृहीत धरतो. तिथे प्रश्न तसाच होता, भय मात्र आधीपासून खोलीत बसलेले असे. जो दोष माणसाने स्वतःच्या मनाने सांगायचा, तो तुरुंगात काढून घेतला तर त्याला पश्चात्ताप म्हणायचे कसे? आमच्या गुरूंच्या हाती किल्ल्या नसतात.

पुढे ओवीवरही संक्रांत आली. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ‘क्रिस्तपुराणा’च्या तोवर तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकले हस्तलिखितांत. ख्रिस्ती कुटुंबांनी नकला करून ते जपले, आणि त्या नकलांवरूनच 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, रोमन लिपीतच. देवनागरीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ आपल्या हाती यायला 1956 साल उजाडावे लागले. पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी ते काम केले. एक देवनागरी हस्तलिखित मात्र फार पूर्वीच मार्सडेनच्या संग्रहातून लंडनला पोहोचले होते. ते अजून तिथेच आहे.