टर्बो इंजिनाचे दोषनिदान : १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह

टर्बोचार्जर असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारीतील बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद फोक्सवॅगन समूहाच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाविषयी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे इंजिन आउडी ए४, फोक्सवॅगन पसाट व गोल्फ, स्कोडा ऑक्टाव्हिया अशा अनेक गाड्यांत बसवले गेले. भारतात ते ऑक्टाव्हिया आरएसमुळे परिचित झाले. ऑक्टाव्हियाची जुळणी औरंगाबादजवळील (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात होत असे.

रचना : इंजिनाची क्षमता १,७८१ घ. सेंमी. असून प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारे तीन व धूर बाहेर सोडणारे दोन व्हॉल्व्ह असतात. एअर फिल्टरमधून आलेली हवा प्रथम एअर-मास सेन्सर मोजतो. मग ती टर्बो, इंटरकूलर व थ्रॉटलमधून सिलिंडरात जाते. मोजलेल्या हवेनुसार ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) पेट्रोल सोडतो आणि धुरातील ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतावरून ते प्रमाण दुरुस्त करतो. म्हणून मोजलेली हवा आणि सिलिंडरात पोहोचलेली हवा एकच आहे काय, हा निदानातील पहिला प्रश्न ठरतो.

कोडवाचन : चेक इंजिन दिवा लागला की स्कॅनर जोडून सर्व कोड आणि बिघाडाच्या क्षणी नोंदलेली माहिती लिहून घ्यावी; त्याआधी कोड पुसू नयेत. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ हा कोड मिश्रण विरळ झाल्याचे कळवतो. त्यावरून ऑक्सिजन सेन्सरच खराब ठरवून तो बदलणे, ही नेहमी घडणारी व खर्चिक चूक आहे. बॅटरीचा विद्युतदाब आणि अर्थिंगच्या तारा आधीच तपासाव्यात, कारण दाब कमी पडला की अनेक सेन्सरांचे कोड एकदम उमटतात.

हवेची गळती : जुन्या गाडीत रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, क्लिपा सैल पडतात. गळतीची जागा बदलली की लक्षणही बदलते. थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, गळती असेल तर न मोजलेली हवा आत खेचली जाते. आयडलिंगला मिश्रण विरळ होते आणि इंजिन थरथरते. सेन्सर व टर्बो यांच्यामधली नळी फाटली तरी मिश्रण विरळच होते. टर्बो व थ्रॉटल यांच्यामध्ये गळती असेल तर मात्र बूस्टच्या वेळी, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, मोजलेली हवा बाहेर निसटते. मग मिश्रण घट्ट होते, काळा धूर दिसतो, फुसफुस ऐकू येते आणि गाडी पिकअप घेत नाही. स्मोक मशीनने हवामार्गात कमी दाबाचा धूर सोडला की बारीक चीरही सापडते.

ईसीयूची इंधनदुरुस्ती पाहिल्यास शोध आणखी सोपा होतो. आयडलिंगला दुरुस्ती जास्त व वेगात कमी असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. भार वाढेल तशी दुरुस्ती वाढत असेल, तर एअर-मास सेन्सर कमी मोजत असावा किंवा पेट्रोलचा दाब अपुरा असावा.

सेन्सर : तापलेल्या इंजिनात आयडलिंगला एअर-मास सेन्सरचे वाचन साधारण २ ते ४ ग्रॅम प्रतिसेकंद असते. पूर्ण भारावर १५० अश्वशक्तीच्या आवृत्तीत ते सुमारे १२० ग्रॅमच्या आसपास जायला हवे. शीतक-तापमान सेन्सर बिघडला तर गार इंजिनही गरम भासते किंवा गरम इंजिन गार भासते. त्यामुळे गाडी सुरू होण्यास त्रास होतो किंवा पेट्रोल जास्त जळते. रात्रभर उभ्या गाडीत शीतक व आत येणारी हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी दिसली पाहिजेत.

मिसफायर : या इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल असते व जुन्या कॉइली निकामी होणे ही त्याची प्रसिद्ध खोड आहे. पी०३०२ कोड आल्यास दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवावी. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलीचा. कोड दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासावे. चेक इंजिन दिवा लुकलुकत असताना गाडी दामटल्यास न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

बूस्ट : डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला की दाबलेली हवा मागे वळते. वेस्टगेट उघडाच अडकला किंवा बूस्ट नियंत्रणाचा सोलेनॉइड बिघडला तरी दाब वाढत नाही. दाब प्रमाणाबाहेर गेल्यास ईसीयू इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. टर्बो बदलण्याचा निर्णय घेण्याआधी हे भाग व नळ्या तपासणे आवश्यक असते. टर्बोच्या दांड्याचा ढिलेपणा, नळीत साचलेले ऑइल आणि निळा धूर ही खऱ्या झिजेची चिन्हे होत.

ऑइल : पसाट व ए४ मध्ये उभे बसवलेल्या या इंजिनात ऑइल घट्ट होऊन गाळ साचण्याची तक्रार विशेष गाजली. गाळाने ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत नाही. फोक्सवॅगनचे ५०२ ०० मानक पाळणारे सिंथेटिक ऑइल वेळेवर बदलणे हा त्यावरचा उपाय होय. ऑइल दाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. सेन्सरला दोष देण्याआधी यांत्रिक मापकाने दाब पाहावा.

आधी कोड, मग वीजपुरवठा, त्यानंतर गळती, चालू वाचने आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष सुटे भाग न बदलता सापडतात. मोजमापाने दोष सिद्ध होईपर्यंत कोणताही भाग बदलू नये.