वसईच्या तीन वाटा

मुंबईकराला जोडून तीन दिवसांची सुट्टी लाभली, म्हणजे त्याचें मन लोणावळ्याकडे नाहीं तर माथेरानकडे धांवतें. चर्चगेटहून विरारला जाणारी गाडी सहलीची आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती पोटामागें लागलेल्यांची गाडी. परंतु सुट्टीच्या सकाळीं गर्दीच्या उलट दिशेनें, खिडकीशीं बसून जो वसईस जाईल, आणि पुढें बस व होडी यांवांचून दुसरें वाहन घ्यावयाचें नाहीं असा नेम करील, त्याला ह्या प्रांताचा इतिहास जागच्या जागीं उलगडलेला आढळेल.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी 1855 सालीं स्थापन झाली. तिची नजर गुजराथच्या कापसावर होती. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारांत हिंदी कापसाचे भाव कडाडले. त्या तेजीच्या दिवसांतच, 1864 च्या नोव्हेंबरांत, गुजराथेकडून आलेला लोहमार्ग ग्रँट रोडला पोहोंचला. कापसाच्या गांठींना वसईच्या किल्ल्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. रूळ मिठागरें व खाजणें यांच्या कडेनें निघून गेले, आणि वसई, सोपारें, आगाशी हीं जुनीं गांवें पश्चिमेस राहून गेलीं. स्थानकाच्या नांवांतील ‘रोड’ हा शब्द याचीच कबुली देतो. ‘वसई रोड’ म्हणजे वसई नव्हे. वसईकडे जाणारी वाट जेथें फुटते तें ठिकाण. भिवंडी रोड, डहाणू रोड हीं नांवेंही त्याच जातीचीं.

भाईंदर सुटलें कीं गाडी खाडीवर येते. उजव्या-डाव्या हातांस पाणी, तिवरांची हिरवी किनार, आणि मधोमध पाणजू नांवाचें बेट. या बेटाची कथा मोठी चमत्कारिक आहे. 12 एप्रिल 1867 रोजीं विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. ती सकाळीं विरारहून निघे व सायंकाळीं परते. म्हणजे मुंबईनें वसईस यावें यासाठीं नव्हे, वसईनें मुंबईस जावें यासाठींच ती होती. तिच्या स्थानकांच्या यादींत पाणजूचें नांव आहे. आज पाणजूला स्थानक नाहीं. दिवसांतून शेंकडों गाड्या बेटावरून धडधडत जातात, एकही थांबत नाहीं, आणि तेथील रहिवासी होडींत बसून नायगांवचा किनारा गांठतात. शिवाय पुण्यसंपादनाच्या भरांत कांहीं उतारू गाडींतून निर्माल्य व नारळ खाडींत भिरकावतात. ते पुलावरून चालणाऱ्या माणसांस लागतात, याचा विचार त्या भाविकांच्या मनास शिवत नसावा.

वसई रोडवर उतरल्यावर किल्ला सुमारें दोन कोस दूर राहतो. पूर्वीं ही मजल टांग्यानें होई, आतां बसनें होते. बस गजबजलेल्या वस्तींतून निघते आणि हळूहळू केळीच्या बागा, विहिरी, चर्चचे मनोरे व देवळांचीं शिखरें दिसूं लागतात. हा हिरवा पट्टा टिकला याचें एक कारण, रुळांनीं त्याला टाळलें, हेंच म्हणावें लागेल. स्थानकांभोंवतालच्या जमिनींवर इमारती उठल्या. वाड्या दूर होत्या म्हणून त्यांना उसंत मिळाली. पुढें तीही संपूं लागली, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हरित वसईची चळवळ उभारली. लोक चळवळीचें श्रेय सांगतात तें योग्यच आहे; परंतु वाचवावयास कांहींतरी उरलें होतें, याचें श्रेय त्या दोन कोसांना द्यावें लागतें.

किल्ल्याचें खरें तोंड समुद्राकडे आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशाह यानें 1534 च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें वर्षें येथें मठ, चर्चें व हवेल्या उभ्या राहिल्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण गलबतानें दर्यादरवाजाशीं लागे. 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून सॅन सेबास्तियनचा बुरूज फोडला व किल्ला घेतला. येथील चर्चच्या घंटा पुढें देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकींच. 1780 सालीं जनरल गॉडर्डनें किल्ला घेतला, सालबाईच्या तहानें तो मराठ्यांकडे परतला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजीं दुसऱ्या बाजीरावानें याच वसईंत इंग्रजांशीं तह करून मराठी राज्याची किल्ली त्यांच्या हातीं दिली. एवढें होऊनही बंदर होतें तोंवर वसई वाटेवर होती. रूळ आले आणि तिच्या पाठीमागचें दार पुढचें झालें.

दुसरा दिवस नालासोपाऱ्यास द्यावा. नाळें व सोपारें या दोन गांवांच्या नांवांनीं हें स्थानक झालें आहे. सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक दर्यावर्दींनाही हें बंदर ठाऊक होतें. 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नांवाचें टेकाड खणलें, तेव्हां स्तूपाच्या पोटांत दगडी करंडक, त्यांत तांब्याचा, असे एकांत एक करंडक निघाले. सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंडकांत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे होते, आणि भोंवतीं बुद्धांच्या आठ मूर्ती. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षीं सांपडला. आज येथें पाहण्यासारखें थोडें आहे. विटांचा ढीग व शांतता, एवढेंच.

तेथून विरारला येऊन अर्नाळ्याची बस धरावी. वाटेंत आगाशी लागते. एके काळीं ती जहाजबांधणीसाठीं नांवाजलेली होती, आतां राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांसाठीं आहे. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर असून वैतरणेच्या मुखावर पहारा ठेवण्याच्या जागीं आहे. मराठ्यांनीं 1737 सालीं हें बेट घेतलें. तेथें पूल नाहीं. होडी आणि तिची वेळ पाळणें भाग आहे.

परतीसाठीं अलीकडे पुन्हा एक जुनी वाट खुली झाली आहे. 2024 च्या फेब्रुवारींत वसई किल्ल्याजवळील धक्क्यावरून भाईंदरपर्यंत मोटारी व माणसें नेणारी रो-रो बोट सुरू झाली. 2025 सालीं वैतरणेवर मारंबळपाडा व जलसार यांमध्यें तशीच दुसरी. तिसऱ्या दिवशीं दुपारीं बसनें किल्ल्याशीं यावें आणि बोटींत चढावें. दीडशें वर्षांनंतर प्रवासी पुन्हा दर्यादरवाजाच्या बाजूनें वसई सोडतो. डावीकडे तट मागें पडत जातो, कोळ्यांच्या होड्या निशाणें लावून डोलत असतात, आणि दूरवर पुलावरून एखादी विरार गाडी पाणजू ओलांडतांना दिसते.