रंगीत तालमीचे तिकीट

नाटकमंडळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग लावण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम करते. वेष, पडदे, प्रकाश सारे प्रयोगासारखेच असते. चार स्नेही व जाणकार बोलावलेले असतात. आणि चुका झाल्याच तर त्या घरच्या घरी झाल्या असे समजून सुधारल्या जातात. अशा तालमीस पूर्ण दराचे तिकीट लावावे, व ज्यास पुढील प्रयोग पाहावयाचे असतील त्याने तालमीचे तिकीटही घेतलेच पाहिजे अशी अट घालावी, ही कल्पना आमच्या नाट्यव्यवसायातील अत्यंत व्यवहारी मालकासही सुचल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल संघांच्या मालकांस मात्र ती सुचली, व तिच्यावर त्यांनी पुष्कळ वर्षे पैसा मिळविला. तेथे खरा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये हे सराव सामने होतात व त्यांचा निकाल अजिंक्यपदाच्या हिशेबात धरला जात नाही. ते खेळण्याजोगे आहेत काय, हा तेथील जुना वाद आहे. त्याचा निवाडा करावयाचा तर प्रथम या सामन्यांचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण ज्या हेतूंनी ते खेळले गेले ते हेतू एकामागून एक मावळले, आणि सामने मात्र उरले.

फुटबॉल म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा गोल चेंडू येतो. अमेरिकन फुटबॉल त्याहून अगदी निराळा आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातात धरून पळावयाचा किंवा पुढे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्यास अंगाने भिडून खाली पाडावयाचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. डोक्यास शिरस्त्राण व खांद्यास जाड कवच असते. तरीही हाडे मोडतात. या खेळाचे धंदेवाईक संघटन १९२० साली ओहायो राज्यातील कँटन गावी झाले आणि १९२२ मध्ये त्यास ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. आज तीत बत्तीस संघ आहेत.

प्रारंभीच्या काळी या धंदेवाईक खेळास समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती. खरा फुटबॉल तो महाविद्यालयांचा. पैशासाठी खेळणारे ते पोटभरू, अशी सुशिक्षितांची समजूत होती. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे क्रीडा-संपादक आर्च वॉर्ड यांनी १९३४ साली एक नवा सामना योजला. नुकतेच महाविद्यालयांतून बाहेर पडलेले निवडक खेळाडू एका बाजूस, व धंदेवाईकांचा विजेता संघ ‘शिकागो बेअर्स’ दुसऱ्या बाजूस. उत्पन्न धर्मादाय कार्यास जावयाचे होते. ३१ ऑगस्ट रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानात ७९,४३२ प्रेक्षक जमले. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. कोणासही एक गुण मिळाला नाही. हा सामना लीगच्या हिशेबाबाहेरचा होता. तरीही विजेत्या धंदेवाईकांस कालचे विद्यार्थी रोखू शकतात की नाही, या प्रश्नात लोकांस खरे कुतूहल होते, आणि त्याचे उत्तर मैदानाखेरीज अन्यत्र मिळणारे नव्हते.

पुढे हा वार्षिक परिपाठ झाला. १९७६ पर्यंत असे बेचाळीस सामने झाले. त्यांपैकी धंदेवाईकांनी एकतीस व विद्यार्थ्यांनी नऊ जिंकले, दोन बरोबरीत सुटले. विद्यार्थ्यांचा शेवटचा विजय १९६३ मधला. तोही विन्स लोम्बार्डी यांच्या बलाढ्य ‘ग्रीन बे पॅकर्स’वर, २० विरुद्ध १७ असा. त्यानंतर निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे झाले. शिवाय भारी वेतनाचा करार केलेला नवा खेळाडू दुसऱ्याच्या सामन्यात जायबंदी व्हावा हे संघमालकांस पटेना. १९७६ चा सामना तिसऱ्या चरणात वादळी पावसामुळे थांबला व पुन्हा कधी सुरूच झाला नाही. कुतूहल संपले तेव्हा सामनाही संपला. हा न्याय आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण इतर सराव सामन्यांस तो लावला गेला नाही.

निकालाविना सामन्यास खरा अर्थ कधी येतो, याचे याहून ठळक उदाहरण १९६७ सालचे आहे. १९६० मध्ये ‘अमेरिकन फुटबॉल लीग’ या नावाने एक प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली होती. जुन्या लीगची मंडळी तिला पोरखेळ समजत. १९६६ मध्ये दोहोंच्या विलीनीकरणाचा करार झाला. तथापि एकत्र हंगाम १९७० पर्यंत सुरू व्हावयाचा नव्हता. मधल्या काळात वर्षाअखेरच्या विजेत्यांच्या एका लढतीखेरीज या दोन बाजू समोरासमोर येत त्या केवळ सराव सामन्यांत. ५ ऑगस्ट १९६७ रोजी नव्या लीगमधील ‘डेन्व्हर ब्राँकोज’ या दुबळ्या संघाने जुन्या ‘डेट्रॉइट लायन्स’चा १३ विरुद्ध ७ असा पराभव केला. त्याच महिन्यात ‘कॅन्सस सिटी चीफ्स’ने ‘शिकागो बेअर्स’विरुद्ध ६६ गुण केले, बेअर्सचे झाले २४. बेअर्सचे शिक्षक होते जॉर्ज हॅलस. १९३४ मध्ये विद्यार्थ्यांशी बरोबरी पत्करणाऱ्या संघाचे शिक्षकही तेच होते.

दोन वर्षांनी, १७ ऑगस्ट १९६९ रोजी, न्यूयॉर्कचे दोन संघ येल विद्यापीठाच्या मैदानात प्रथमच भिडले. नव्या लीगच्या ‘जेट्स’ने जुन्या ‘जायंट्स’चा ३७ विरुद्ध १४ असा धुव्वा उडविला. त्या वर्षीचे सारेच सराव सामने जायंट्सनी गमावले, आणि खऱ्या हंगामाचा पहिला सामना होण्यापूर्वीच त्यांचे शिक्षक ॲली शर्मन यांस नोकरीस मुकावे लागले. गुणांच्या हिशेबात न धरलेल्या पराभवाने एका गृहस्थाची भाकरी गेली! तेव्हा ‘हे सामने निरर्थकच असतात’ असे सरसकट म्हणणे इतिहासास धरून नाही. निकाल नोंदला जात नव्हता. पण लोकांस ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते ते तेथे मिळत होते.

१९७० मध्ये दोन्ही लीग एक झाल्या व तो प्रश्नही मिटला. आता सामन्यांनी संपावयाचे. ते उलट बहरले. प्रत्येक संघ चौदा खऱ्या सामन्यांस सहा सराव सामने खेळू लागला. कारण उघड आहे. खेळाडूंचे ठरलेले वेतन खरा हंगाम सुरू झाला म्हणजे सुरू होते. सराव सामन्यांच्या काळात त्यांस अल्प साप्ताहिक रक्कम मिळते. प्रेक्षकांचे तिकीट मात्र पूर्ण दराचे. ज्यास वर्षभराची राखीव जागा हवी त्याने सराव सामन्यांचीही तिकिटे घेतली पाहिजेत, असा नियम संघांनी केला. ‘बफलो बिल्स’ या संघाच्या एका प्रेक्षकाने ही सक्ती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी आहे म्हणून दावा लावला. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की या सक्तीने कोणा प्रतिस्पर्ध्याचा धंदा बुडाला पाहिजे. परंतु बफलोत धंदेवाईक फुटबॉलचा सराव सामना विकणारा दुसरा कोणी नाहीच, तेव्हा बुडणार कोण? कायद्याच्या दृष्टीने हा तर्क बिनचूक असेल. आम्हां सामान्य माणसांस त्याचा अर्थ असा लागतो की, गावात एकच दुकान असल्याने तांदळाबरोबर कोंडाही घ्यावा लागला, तर तक्रारीस जागा नाही.

पैशाचे नुकसान भरून निघते. देहाचे निघत नाही. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंड येथे ‘न्यू इंग्लंड पेट्रिअट्स’ व ‘ओकलंड रेडर्स’ यांचा सराव सामना चालू असता डॅरिल स्टिंगली हा सव्वीस वर्षांचा खेळाडू फेकलेला चेंडू झेलण्यासाठी झेपावला. प्रतिपक्षाचा जॅक टेटम याने त्यास जी धडक दिली तिने त्याच्या मानेचे मणके मोडले. त्या काळच्या नियमांप्रमाणे ती धडक गैर नव्हती. पंचांनी दंडही केला नाही. स्टिंगलीचे हातपाय कायमचे लुळे पडले. २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे एकोणतीस वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली. असा अपघात खऱ्या सामन्यातही होऊ शकतो, हे आम्ही जाणतो. परंतु रणात पडलेल्या शिपायाच्या मागे रणाचे कारण तरी असते. येथे कारण म्हणून काय दाखवावयाचे? त्याच वर्षापासून लीगने सराव सामने सहांवरून चारांवर आणले व खरे सामने चौदांवरून सोळांवर नेले. हा बदल आधीच ठरलेला होता. या दुर्घटनेशी त्याचा संबंध नव्हता.

कोणी म्हणेल, या सामन्यांवरून संघाचे बलाबल तरी कळते. तेही खरे नाही. २००८ साली ‘डेट्रॉइट लायन्स’ने आपले चारही सराव सामने जिंकले, आणि खऱ्या हंगामातील सोळाही गमावले. २०१७ मध्ये ‘क्लीव्हलंड ब्राऊन्स’ने हाच पराक्रम अक्षरशः पुन्हा केला: चारांत चार, मग सोळांत शून्य. ‘बाल्टिमोर रेव्हन्स’ने २०२३ पर्यंत ओळीने चोवीस सराव सामने जिंकून विक्रम केला, त्या सबंध काळात अजिंक्यपद त्यांस एकदाही लाभले नाही. मोहरे बाहेर बसवून प्यादीच खेळविली जातात, त्या डावावरून राजाचे बळ काय समजावे?

मग हे सामने बंदच का करू नयेत? येथे आमची लेखणी थबकते, आणि थबकण्यास कारण ती प्यादीच होत. सराव-शिबिरात प्रत्येक संघात सुमारे नव्वद खेळाडू असतात. हंगामासाठी त्यांतून त्रेपन्न ठेवावयाचे असतात. नामांकित खेळाडूंच्या जागा ठरलेल्याच. उरलेल्या मूठभर जागांसाठी जे झगडतात त्यांस आपला गुण दाखविण्यास ऑगस्टमधील ही संध्याकाळ सोडून दुसरे व्यासपीठ नाही.

१९९५ साली टेरेल डेव्हिस हा तरुण ‘डेन्व्हर ब्राँकोज’च्या शिबिरात दाखल झाला. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक एकशे शहाण्णववा होता, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यांच्या यादीत तो अगदी तळाशी होता. त्या ऑगस्टमध्ये तोक्यो येथे झालेल्या सराव सामन्यात त्यास चेंडू मिळण्याची आशाच नव्हती. प्रतिपक्षाकडे लाथेने चेंडू उडविल्यावर तो घेऊन येणाऱ्यास अडवावयाचे, हे हलके समजले जाणारे काम त्यास मिळाले. त्याने पळत जाऊन त्या खेळाडूस असे आदळले की सारे मैदान दचकले. त्या एका आघाताने शिक्षकांची नजर त्याच्यावर बसली. तीन वर्षांनी, १९९८ च्या हंगामात, तो २,००८ यार्ड धावला. त्याच्या संघाने लागोपाठ दोनदा अजिंक्यपद मिळविले.

१९९९ चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. ‘सेंट लुइस रॅम्स’चा नवा नायक ट्रेंट ग्रीन याच्यावर संघाची सारी भिस्त होती. २८ ऑगस्टच्या सराव सामन्यात त्याच्या गुडघ्याचे बंध तुटले व त्याचा सबंध हंगाम बुडाला. त्याच्या जागी उभा राहिला कर्ट वॉर्नर. पाच वर्षांपूर्वी एका संघाने शिबिरातूनच घरी पाठविल्यावर किराणा दुकानात फळ्यांवर माल रचण्याचे काम त्याने केले होते. त्याच हंगामात वॉर्नर लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला आणि जानेवारी २००० मध्ये रॅम्सने अजिंक्यपद जिंकले. एकाच्या दैवाचे दार बंद झाले त्याच क्षणी दुसऱ्याचे उघडले. २०१७ मध्ये डेव्हिस व वॉर्नर या दोघांची कँटन येथील कीर्तिमंदिरात एकाच वर्षी स्थापना झाली.

२०२० साली महामारीमुळे एकही सराव सामना झाला नाही. हंगाम विस्कळीत होईल अशी भीती होती. प्रत्यक्षात त्या वर्षी तोवरच्या इतिहासातील सर्वाधिक गुण नोंदले गेले. निवडीत कोणीही न घेतलेला जेम्स रॉबिन्सन त्याच वर्षी हजाराहून अधिक यार्ड धावला, तोही एकही सराव सामना न खेळता. ‘लॉस एंजेलिस रॅम्स’चे शिक्षक शॉन मॅकव्हे आपले प्रमुख खेळाडू या सामन्यांत उतरवीतच नाहीत, त्यांच्याच संघाने २०२१ च्या हंगामाचे अजिंक्यपद पटकाविले. म्हणजे बड्या खेळाडूंस या तालमीची गरज नाही, हे सिद्धच झाले. पण त्याच २०२० साली शिबिरातील संख्या नव्वदांवरून ऐंशींवर आणली होती, हेही ध्यानात ठेवावे. बत्तीस संघांचा हिशेब केला तर तीनशे वीस तरुणांस दारातूनच परत फिरावे लागले. जे आत गेले आणि पुढे वगळले गेले, त्यांच्याजवळ दुसऱ्या संघास दाखविण्यासाठी एकाही सामन्याचे चित्रण नव्हते. एक रॉबिन्सन दिसला. न दिसलेल्यांची गणती कोण करणार?

२०२१ पासून खरे सामने सतरा व सराव सामने तीन झाले आहेत. आमच्या मते दोन-तीन सामने राहावेत, पण ते जे आहेत तेच म्हणून राहावेत. ती उमेदवारांची परीक्षा आहे. परीक्षेस उत्सवाचे तिकीट नसावे. ज्यास कुतूहल असेल त्याने अल्प मोलाने यावे, आणि वर्षभराच्या जागेच्या गळ्यात हे लोढणे बांधू नये. आणि जो तरुण या संध्याकाळी आपली मान व गुडघे पणास लावतो, त्यास त्या दिवसाचे वेतन खऱ्या सामन्याच्या दराने मिळावे. कारण मोडणारे हाड सामना हिशेबात धरला आहे की नाही हे विचारीत नाही. मालक इतके देण्यास तयार असतील तर सामने खुशाल खेळावेत. तयार नसतील, तर ज्यांच्यासाठी हे सामने खेळण्याजोगे आहेत त्या गरजवंतांच्या नावावर इतरांनीच आपली पेटी भरली, असाच या इतिहासाचा निष्कर्ष निघेल.