नांगराबरोबर आलेली 'खबर'

विट्याची ओळख विचारली तर लोक दोनच गोष्टी सांगतात, यंत्रमाग आणि सोन्या-चांदीची गलाई. गलाईवाल्यांची पद्धत साधी. गावाकडचा पोरगा हाताखाली घ्यायचा, भट्टी शिकवायची, मग तो कुठल्यातरी लांबच्या शहरात स्वतःचं दुकान टाकतो. धंद्याचं ज्ञान माणसाबरोबर प्रवास करतं. पण माल रेल्वेने जाणार आणि जाणकार माणूस कारखान्यातच राहणार असेल तर?

विट्याच्या दक्षिणेला कुंडल रोड स्टेशनजवळ नेमका हाच प्रश्न होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तिथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. माल काय, तर लोखंडी नांगर!

बेळगावला असतानाच त्यांनी तो बनवला होता, पण घ्यायला कोणी धजेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत. आज आपल्याला हसू येतं, पण जमीन नापीक झाली असती तर ती शेतकऱ्याची, कारखान्याची नव्हे. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होताच. बिडाचा भाग ऐरणीवर ठोकला की तुटतो, तो बदलावाच लागतो. म्हणजे सुटे भाग ठेवणारा, कुठला भाग कुठे बसतो हे गिऱ्हाइकाला समजावणारा विक्रेता हवा. नुसता गल्ला सांभाळणारा असून भागत नाही.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची आणि मालाची माहिती बाहेरच्या मंडळींपर्यंत पोचवणारं घरचं पत्रक. आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत रिलीज नोट्सच म्हणा ना! टोयोटाच्या पुरवठादारांच्या संघटनेचे, क्योहोकाईचे, मॅनेजमेंटवाले गोडवे गातात. ती १९४३ ची. टोयोटाने माल देणाऱ्यांना धरलं, वाडीने माल घेणाऱ्यांना, एवढा फरक मात्र आहे.

पुढे 'खबर'चं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्येच आले. साहित्यवाले इथूनच गोष्ट सुरू करतात. मला मात्र नांगर विकता विकता निघालेलं ते पहिलं पत्रकच जास्त धाडसाचं वाटतं. असो.

कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. कारखान्यात आज पंप बनतात.