इंग्रजीतील आत्मवाचक सर्वनामे आणि त्यांचे पोर्तुगीज पर्याय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

इ. स. १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला. या विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये द ला मोलिएर यांचे पोर्तुगीज व्याकरण प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. पुढे १७६८ मध्ये अँथनी व्हियेरा यांचे पोर्तुगीज व्याकरण लंडनमध्येच प्रसिद्ध झाले. १८५५ मध्ये पॅरिस येथे निघालेले पेद्रो कारोलिनो यांचे पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणपुस्तक तर शब्दाला शब्द ठेवण्याच्या रीतीचा हास्यास्पद नमुना ठरले. १८८३ मध्ये लंडन व अमेरिका येथे त्याच्या निवडक आवृत्त्या केवळ करमणुकीसाठी छापल्या गेल्या.

शब्दाला शब्द ठेवण्याचा हा मोह आत्मवाचक सर्वनामांच्या बाबतीत विशेष फसवा ठरतो. इंग्रजी ‘हिमसेल्फ’ म्हणजे पोर्तुगीज ‘से’, असे समीकरण मांडणे सोपे आहे. परंतु हे दोन शब्द दोन वेगळ्या इतिहासांची फलिते आहेत. प्रस्तुत लेखात या इतिहासांचा आणि त्यांतून उद्भवणाऱ्या भाषांतरविषयक प्रश्नाचा विचार केला आहे. पोर्तुगीज शब्दांचे लिप्यंतर उच्चारापेक्षा लेखनास धरून केले आहे.

समान मूळ, भिन्न वाटा

इंडो-युरोपीय भाषाकुलात आत्मवाचक अर्थाचे एक प्राचीन मूळ होते. संस्कृत ‘स्व’, लॅटिन ‘से’, गॉथिक ‘सिक’ व जर्मन ‘सिख’ ही त्याचीच रूपे होत. जर्मन भाषेची भगिनी असलेल्या इंग्रजीत मात्र हे सर्वनाम प्राचीन काळीच लुप्त झाले. त्यामुळे प्राचीन इंग्रजीत ‘त्याने त्याला झाकले’ अशा वाक्यातील ‘त्याला’ म्हणजे स्वतःला की दुसऱ्याला, हे केवळ संदर्भावरून ठरत असे.

‘सेल्फ’ हा शब्द त्या काळी आत्मवाचक नव्हता. तो केवळ जोर देणारा शब्द होता. ‘राजा स्वतः आला’ या वाक्यात मराठी ‘स्वतः’ जे कार्य करतो, तेच त्याचे कार्य होते. संदिग्धता टाळण्यासाठी तो सर्वनामाशेजारी वारंवार येऊ लागला आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात सर्वनामाशी एकरूप होत गेला. या संक्रमणाची खूण रूपांतच उरली आहे. ‘हिमसेल्फ’ व ‘देमसेल्व्ज’ यांत कर्मवाचक सर्वनाम आहे, तर ‘मायसेल्फ’ व ‘युअरसेल्फ’ यांत स्वामित्वदर्शक. कारण ‘सेल्फ’ हे नाम आहे, अशी समजूत दरम्यान रूढ झाली होती. तथापि जुनी रीत एकाएकी नाहीशी झाली नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही आत्मवाचक अर्थाने साधे सर्वनाम योजलेले आढळते.

पोर्तुगीजची वाट याउलट होती. तिने लॅटिन ‘से’ जतन केले आणि ‘से’, ‘सी’ व ‘कोन्सिगो’ अशी रूपे राखली. ‘कोन्सिगो’ या रूपात लॅटिनमधील ‘सह’ या अर्थाचा शब्द आरंभी व अंती असा दोनदा दडला आहे. मूळ रूपातील प्रत्ययाचा बोध नष्ट झाल्यावर तोच शब्द पुन्हा आरंभी जोडला गेला.

तथापि ‘से’ टिकले ते अर्थविस्तार होऊनच. ‘लाव्हार-से’ (स्वतःला धुणे) येथे ते खरोखर आत्मवाचक आहे. ‘केइशार-से’ (तक्रार करणे) व ‘आर्रेपेन्देर-से’ (पश्चात्ताप होणे) येथे ते क्रियापदाचा केवळ अविभाज्य अंश आहे. आणि ‘व्हेन्देम-से काझास’ (घरे विकली जातात) येथे ते कर्मणी प्रयोगाचे चिन्ह झाले आहे. अर्थ असा विरल झाल्याने ‘स्वतःलाच’ असे ठासून सांगण्यासाठी पोर्तुगीजलाही ‘आ सी मेस्मो’ अशी पुस्ती जोडावी लागते. यातील ‘मेस्मो’ हाही मूळचा जोर देणाराच शब्द होय. म्हणजे दोन्ही भाषांनी एकाच प्रकारचे साधन वापरले. इंग्रजीत ते केंद्रस्थानी आले, पोर्तुगीजमध्ये परिघावर राहिले.

पर्यायांचे स्वरूप

या इतिहासामुळे दोन्ही भाषांतील पर्याय क्वचितच समोरासमोर येतात. कपडे घालणे, उठणे, आठवणे या क्रियांसाठी इंग्रजी आज सहसा आत्मवाचक सर्वनाम योजत नाही. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘व्हेस्तिर-से’, ‘लेव्हान्तार-से’, ‘लेम्ब्रार-से’ अशी रूपे येतात. उलट ‘बाय हिमसेल्फ’ (एकट्याने) या इंग्रजी प्रयोगासाठी पोर्तुगीजमध्ये ‘सोझीन्यो’ हे विशेषण येते, आणि स्वतःशी बोलणे म्हणजे ‘फालार सोझीन्यो’, शब्दशः ‘एकटे बोलणे’. ‘राजा स्वतः’ अशा प्रयोगात इंग्रजी ‘हिमसेल्फ’च ठेवते, पोर्तुगीजमध्ये तेथे ‘से’ चालत नाही, ‘मेस्मो’ किंवा ‘प्रोप्रियो’ लागते.

‘सी’ व ‘कोन्सिगो’ यांचा एक प्रयोग मराठी वाचकास विशेष जवळचा वाटेल. पोर्तुगालमध्ये समोरच्या व्यक्तीस आदराने संबोधताना ‘पारा सी’ म्हणजे ‘आपल्यासाठी’ व ‘कोन्सिगो’ म्हणजे ‘आपल्याशी’ असा अर्थ होतो. ब्राझीलमध्ये हा प्रयोग सहसा होत नाही. तेथे ही रूपे आत्मवाचकच राहिली आहेत. मराठीतील ‘आपण’ हे सर्वनामही संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’मार्गे आले असून ते आत्मवाचक आहे आणि आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. इंग्रजीला हा पालट अपरिचित असल्याने पोर्तुगीजमधील हा आदर इंग्रजी भाषांतरात लोपतो. मराठीत मात्र तो सहज उतरू शकतो.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. १५१० ते १९६१ या काळातील पोर्तुगीज गोव्याची कागदपत्रे मराठ्यांच्या इतिहासाचेही महत्त्वाचे साधन आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत १९५३ ते १९५७ या काळात संपादून प्रसिद्ध केले, त्यामागे हीच जाणीव होती. मात्र पोर्तुगीज न जाणणाऱ्या अभ्यासकांना अशी साधने बहुधा इंग्रजी भाषांतराच्या द्वारेच पाहावी लागतात.

अशा वेळी ‘से’ कर्त्यावर पडदा टाकते. ‘आस्सेन्तोउ-से’ म्हणजे ‘ठरविण्यात आले’. कोणी ठरविले, हे वाक्य सांगत नाही. ‘माताराम-से मुइतोस’ असे एखादे वाक्य घेतल्यास त्याचे तीन अर्थ संभवतात : अनेकांनी आत्मघात केला, अनेकांनी एकमेकांस मारले, अथवा अनेक जण मारले गेले. ‘केइमाराम-से आस काझास’ याचा अर्थ ‘घरे जळाली’ असाही होतो आणि ‘घरे जाळण्यात आली’ असाही. इंग्रजी भाषांतरकारास यांपैकी एकाची निवड करणे भाग पडते, आणि ती निवड झाली की मूळ संदिग्धतेची खूणही उरत नाही. त्या भाषांतरावर विसंबणारा अभ्यासक मग अपघात की आगळीक, आत्मघात की कत्तल, याचा निर्णय नकळत भाषांतरकाराच्या हाती सोपवतो.

निष्कर्ष

इंग्रजीने प्राचीन आत्मवाचक सर्वनाम गमावले व जोर देणाऱ्या शब्दातून नवे घडविले. म्हणून तिचे आत्मवाचक सर्वनाम ठळक व बहुतांशी एकार्थी आहे. पोर्तुगीजने जुनेच राखले व त्यावर नवनवे भार टाकले. म्हणून तिचे ‘से’ व्यापक परंतु संदिग्ध आहे. तेव्हा यांचे पर्याय शब्दांच्या जोड्या लावून नव्हे, तर प्रत्येक ठिकाणी ‘से’ कोणते कार्य करते हे पाहूनच ठरविले पाहिजेत. पोर्तुगीज साधनांवर काम करणाऱ्यांनी निर्णायक ठिकाणी मूळ क्रियापद भाषांतराशेजारी नोंदवावे आणि अर्थ एकाहून अधिक असल्यास तसे स्पष्ट म्हणावे. एवढी दक्षता घेतली, तर ‘कोणी केले’ या इतिहासातील मूलभूत प्रश्नाचे उत्तर पुराव्याआधीच ठरून जाणार नाही.